चटई कुणी उचलली नाही

आमच्या इंग्लंडमधल्या हाउन्सलोच्या घरात कुणाचंही वाक्य एका दमात पूर्ण होत नसे. दर दीड-दोन मिनिटांनी एक विमान छपरावरून जायचं, इतक्या खालून की मांडणीतली स्टीलची झाकणं थरथरायची. बोलणारा माणूस तोंड तसंच उघडं ठेवून थांबायचा आणि विमान गेलं की सोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू व्हायचा. आमची भांडणंसुद्धा अशीच तुकड्या-तुकड्यांनी व्हायची, आणि कधीकधी मधल्या थांबण्यात कुणाला तरी हसू फुटून ती तिथंच विझायची. बाबा विमानतळावर सामान चढवायचे, आई विमानात जाणाऱ्या जेवणाचे ट्रे लावायची, त्यामुळे विमानांना नावं ठेवायची सोय नव्हती. एखादा पाहुणा कानांवर हात ठेवून "कसे राहता हो तुम्ही इथं?" म्हणाला की आई म्हणायची, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, भाऊ." रविवारी सकाळी कॅसेटवर बुद्धवंदना लागायची आणि तिच्यामागोमाग स्वयंपाकघरातून सुकट भाजल्याचा वास यायचा. सुकट भाजायची म्हणजे मागचं दार सताड उघडं, बाहेर बर्फ असला तरी. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, पण तक्रार व्हायच्या आधीच घाबरून घ्यायची आईची सवय होती. मी आणि बाबा कोट घालून जेवायला बसायचो.

बाबा मूळचे नागपूरचे. ते बुटाची नाडी बांधायलाही वाकायचे नाहीत. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून पाय वर घ्यायचे, मग नाडी. आई चेष्टा करायची, "सामान चढवताना वाकत असाल ना?" तर म्हणायचे, "ते काम आहे. हे घर आहे." त्यांच्या वडलांना गावात पाटलांच्या घरावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की तो रस्ता मी न पाहताही मला पाठ होता. "वाकण्याचा आपल्या घराण्याचा कोटा माझ्या बापानं संपवला," असं ते म्हणायचे. मला त्यांनी काय शिकवलं असेल, तर भाषण करायला. दरवर्षी एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात मी बोलायचे. हॉल भाड्यानं घेतलेला, मागे निळा झेंडा, पुढच्या रांगेत बाबा. "ताठ उभं राहायचं. समोरच्याच्या डोळ्यात पाहायचं. विमान आलं तर थांबायचं, घाई करायची नाही." त्या शिकवणीवर मी इतकी बक्षिसं मिळवली की आईनं त्यातल्या एका कपात चमचे ठेवायला सुरुवात केली.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. ए लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, झाल्या होत्या, एडिनबराला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि मधलं एक वर्ष मोकळं होतं. ते वर्ष मी लुपे आंटींकडे काम केलं. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना उठवणं, धुणं-पुसणं, खाऊ घालणं असं ते काम. लुपे आंटी सामोआच्या. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांवरून त्या न्यूझीलंडला गेल्या, तिथं नर्स झाल्या आणि मग नवऱ्यामागून इंग्लंडला आल्या. नवरा पुढं निघून गेला, त्या राहिल्या. अंगानं भरभक्कम, आवाज बारीक, आणि भर जानेवारीतही कानामागे एक प्लास्टिकचं फूल. एका चर्चच्या मागच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं आणि आम्ही बाराजणी त्यांच्या हाताखाली होतो. 'हाताखाली' म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. त्यांच्याकडे असं मानतात की मोठेपणाकडे जाणारी वाट सेवेतूनच जाते, दुसरी वाटच नाही. त्यामुळे आमच्या सगळ्यांत जास्त बेडपॅन कुणी धुतले असतील, तर त्यांनी.

सकाळी साडेसातला आम्ही बूट काढून जमिनीवर गोल करून बसायचो. आज कुणी कुणाच्या घरी जायचं याची यादी हातात असली तरी ती आधी वाचायची नाही. आधी प्रत्येकीनं आपल्या घरचं सांगायचं. मुलाचा ताप, नवऱ्याची नोकरी, माझ्या आईचे दुखरे गुडघे. लुपे आंटींचं म्हणणं असं की दोन माणसांच्या मध्ये जी जागा असते ती रिकामी नसते. तिला त्या 'वा' म्हणायच्या. ती रोज झाडून-पुसून ठेवावी लागते, नाहीतर तिच्यात कचरा साठतो. "आपण म्हाताऱ्यांना सांभाळत नाही," त्या म्हणायच्या, "आपण ती जागा सांभाळतो." पहिल्या आठवड्यात मला हे सगळं थोतांड वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ग्रेस नावाची घानाची बाई आपल्या बहिणीबद्दल सांगताना रडली. तिच्या त्या दिवशीच्या दोन घरांपैकी एक मी न सांगता घेतलं आणि मग माझ्या लक्षात आलं की थोतांड असेल, पण चालतंय.

आणखी दोन पद्धती होत्या. एक म्हणजे बसलेल्या मोठ्या माणसाच्या समोरून जायचं तर पाठ थोडी लववून, "तुलोउ", म्हणजे 'माफ करा', म्हणत जायचं. दुसरी आमच्या कामाची, आंटींनीच घालून दिलेली. एकीची वेळ संपली आणि दुसरी आली की पहिलीनं म्हाताऱ्या माणसाचा हात आपल्या हातातून दुसरीच्या हातात द्यायचा आणि मगच कोट चढवायचा. दुसरी आली नाही तर पहिलीनं जायचं नाही. मग तुझी बस जावो, तुझं लग्न असो. या एका गोष्टीबद्दल त्या कधीच हसून बोलल्या नाहीत.

लववण्याची सवय मात्र माझ्या नकळत अंगात मुरली. एका संध्याकाळी बाबा टीव्ही बघत होते आणि मी चहाचा कप ठेवायला त्यांच्या समोरून जरा वाकून गेले. त्यांनी टीव्ही बंद केला.

"हे काय करून राहिली तू?"

"काही नाही. आमच्याकडे कामावर असं जातात, मोठ्यांसमोरून."

"मोठ्यांसमोरून?" बाबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "हा माणूस मोठा होता. त्यानं कुणाला वाकायला लावलं का? आता परत जा आणि सरळ चालत ये."

मी परत गेले आणि सरळ चालत आले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "परेड झाली असेल तर चहा प्या." आईला लुपे आंटी आवडायच्या, आणि त्याचं कारण अळू. नागपूरकडे आम्ही त्याला चमकोरा म्हणतो. साउथॉलहून आई चमकोऱ्याची पानं आणून वड्या करायची. त्या मी एकदा डब्यातून नेल्या, तर आंटी डोळे मिटून खात राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच पानांत नारळाचं दूध आणि कांदा बांधून भाजलेल्या पुरचुंड्या पाठवल्या. आईनं एक खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली, "बाई आपलीच आहे. फक्त बेसन विसरली." तेव्हापासून ती त्यांना लुपेताई म्हणायला लागली. बाबांनीही एक पुरचुंडी उभ्या-उभ्या खाल्ली, पण मत दिलं नाही.

माझी मुलगी मित्रा आता ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या ऑफिसात 'पर्पज डे' ठरला. म्हणजे आपण हे काम का करतो, कुठल्या मूल्यांवर करतो, याबद्दल दिवसभर बोलायचं आणि मधे सँडविच. ती मला म्हणाली, "आई, तू ये ना. तो सामोअन लेडीचा गोष्ट सांग. माझी बॉस एकदम लव्ह करेल." तिच्या पुल्लिंग-स्त्रीलिंगाला मी आता हसत नाही, इथं जन्मलेल्या मुलांचं ते तसंच असतं. तिला ती गोष्ट अळूपर्यंतच माहीत आहे. गोल करून बसणं, हातात हात देणं, नारळाचं दूध. तिनं स्लाइडही करून दाखवली, त्यावर सामोआ शोधताना सापडलेल्या एका विणलेल्या चटईचा फोटो होता. तो पाहिला आणि मी चष्मा काढून ठेवला.

त्या वर्षी मी ज्या म्हाताऱ्यांकडे जायचे त्यांत मिसेस पेरी माझ्या आवडत्या. एक्याऐंशी वर्षांच्या, कमालीच्या टापटिपीच्या. माझं "विशाखा" हे नाव नीट म्हणता येईना म्हणून त्यांनी तासभर सराव केला होता आणि मग शेजाऱ्यांनाही तो उच्चार करायला लावला होता. रविवारी त्यांच्याकडे माझी वेळ एकपर्यंत असायची, मग ग्रेस यायची. त्या वर्षी जयंतीचा कार्यक्रम रविवारी आला. दीड वाजता माझं भाषण. हॉल दोन बस लांब. एकला दहा मिनिटं कमी होती. मी मिसेस पेरींना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायांवर रग घातला आणि म्हटलं, "ग्रेस दहा मिनिटांत येईल. उठू नका हं." त्या म्हणाल्या, "जा गं. चांगलं बोल." त्यांनी हात पुढं केला होता. सवयीनं केला असेल. मी तो घाईनं दाबला आणि खुर्चीच्या हातावर ठेवून दिला.

ग्रेसची बस बंद पडली आणि ती पाऊण तास उशिरा पोचली. मिसेस पेरींना तेवढ्यात चहा हवासा वाटला असावा, त्या किटलीपाशी पडलेल्या सापडल्या. खुबा मोडला होता. तेव्हा मी स्टेजवर होते. ताठ उभी, समोरच्यांच्या डोळ्यात पाहत. विषय होता 'स्वाभिमान म्हणजे काय'. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि बाबांनी डोळे पुसले. मिसेस पेरी हॉस्पिटलातून घरी आल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी गेल्या.

मी लुपे आंटींना खरं सांगितलं, त्याच संध्याकाळी. एवढं एक मी केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझी चूक म्हणजे माझ्या घराची चूक." मला वाटलं, समजूत काढतायत. पण त्या अक्षरशः म्हणत होत्या. मिसेस पेरींचा मुलगा ब्रायन पलीकडच्या रस्त्यावर राहायचा. आंटींना त्याला भेटायचं होतं, पण आमच्या संस्थेचे वकील म्हणाले, शब्द बोलू नका. माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं. जे काय असेल ते पत्रानं. मग पत्रं गेली, पत्रं आली. आंटींनी सकाळच्या गोलात बसणं सोडलं नाही, पण त्यांच्या कानामागचं फूल त्या दिवसांत नव्हतं. एका सकाळी सगळ्या कामाला गेल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि कपाटातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ती चटई होती. आपल्याकडच्या केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं केसासारखी बारीक चिरून विणलेली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. त्यांच्या आजीनं विणायला घेतली आणि आईनं पूर्ण केली होती. अशी चटई लग्नात, मरणात आणि आणखी एका प्रसंगी काढतात.

तो प्रसंग असा. आपल्या माणसाच्या हातून दुसऱ्या घराचा मोठा अपराध झाला, की घरातला मोठा माणूस पहाटे त्यांच्या दारात जाऊन गुडघे टेकतो आणि डोक्यावरून अशी चटई ओढून घेतो. ज्यानं चूक केली तो नव्हे, मोठा. आणि थांबतो. उन्हात, पावसात, कितीही वेळ. समोरच्यांनी मारलं तरी चालतं. त्यांना क्षमा करायची असेल तर ते बाहेर येऊन चटई उचलतात, आत नेतात, जेवायला बसवतात आणि तिथं ती गोष्ट संपते. ते पिढ्यान्‌पिढ्या परत काढत नाहीत.

"पण ब्रायनला हे कसं कळणार?" मी विचारलं.

"म्हणून तू," त्या म्हणाल्या. "चटईखालचा माणूस बोलत नाही. बोलणारा वेगळा असतो, तो बाजूला उभा राहतो. तुझं इंग्रजी इथलं आहे. आणि तू बोलतेस चांगलं, तुझी आई सांगते."

त्यांनी मला तीन वाक्यं दिली. तुमच्या आईची आमच्या हातून हेळसांड झाली. ती चूक आमच्या सगळ्यांची आहे. ही चटई उचलायची की नाही, ते तुमच्या हातात आहे. बस. माझं नाव घ्यायचं नाही, कारण द्यायचं नाही, ग्रेसच्या बसचंही नाही.

घरी मी हे सांगितलं तेव्हा बाबा पेला हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला. "माफी मागायची तर माग," ते म्हणाले. "लिहून दे, तोंडानं सांग. पण गुडघ्यावर नाही. माझी पोरगी कुणाच्या दारात गुडघे टेकणार नाही. त्या बाईलाही सांग, असं करू नका म्हणावं." आई हळूच म्हणाली, "पोरगी टेकतच नाही आहे, लुपेताई टेकतायत." बाबा म्हणाले, "ते तर आणखी वाईट." त्यात ते काही चुकीचं बोलले, असं मला आजही वाटत नाही. ज्याच्या बापानं चपला हातात घेऊन रस्ता ओलांडला त्याला दारातली गुडघे टेकलेली बाई कशी दिसणार? पण त्यांचं ते वाक्य मी रात्री उशाला घेतलं आणि सकाळी ढालीसारखं पुढं केलं, हे माझं काम.

आंटींनी सहाला बोलावलं होतं. मी पोचले साडेसहाला, आणि ब्रायनच्या घराकडे न जाता समोरच्या बसस्टॉपवर उभी राहिले. रस्ता रुंद नव्हता. मोटार ठेवायच्या फरशीवर, बंद दारासमोर, ती चटई होती आणि चटईखाली त्या. नुसता एक उंचवटा दिसत होता. लाल पिसं वाऱ्यानं हलत होती. मला पलीकडे जायचं होतं. पाऊलही उचललं होतं. मग दार उघडलं, ब्रायन ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आला, आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली की हा माझ्याकडे बघेल, आणि बघितलं की याला कळेल. मग एडिनबराची जागा जाईल, बाबांच्या डोळ्यातलं पाणी जाईल, सगळं जाईल. मी बसचं वेळापत्रक वाचायला लागले. तो चटईला काहीतरी विचारत होता. खाली वाकून परत विचारलं. तेवढ्यात विमान आलं आणि तो थांबला, आणि विमान गेल्यावरही उत्तर आलं नाही तेव्हा तो आत गेला.

मी त्या स्टॉपवर सात बसेस सोडल्या. वरच्या खिडकीचा पडदा सरकला, परत लागला. शाळेत जाणारी दोन मुलं थांबून हसली. साडेआठला ब्रायन कपडे करून आला, पुन्हा विचारलं, यावेळी आवाज चढवून, आणि मोटारीत बसला. आंटी वाटेतच होत्या. त्यानं मोटार इतकी कडेनं काढली की तिचा आरसा कुंपणाच्या झुडपात घासत गेला, पण चटईच्या काठाला चाक लागू दिलं नाही. ही गोष्ट मी विसरू शकत नाही. नंतर एक पोलीस आला. तरुण होता, चांगला होता. तोही गुडघ्यावर बसून काही बोलला आणि उत्तर न मिळाल्यावर नुसता बाजूला उभा राहिला. मी जिथं उभं राहायचं होतं, त्या जागी. पावणेअकराच्या सुमाराला चटई हलली. लुपे आंटींनी ती स्वतःच डोक्यावरून काढली, एका हातानं जमिनीचा आधार घेत उठल्या, आणि काठाशी काठ जुळवून गुंडाळली. त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. तेव्हा मी आठव्या बसमध्ये चढत होते.

घरी बाबा कामावरून आले होते. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. रडत सांगितलं, आणि शेवटी असंही म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात ना, नको म्हणून."

"मी तुला गुडघे टेकू नको म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "तोंड उघडू नको असं कधी म्हटलं मी?"

त्यानंतरच्या एप्रिलात त्यांनी मला भाषणाबद्दल विचारलं नाही. पुढं कधीच विचारलं नाही. माझ्याशी बोलायचे, हसायचे, स्टेशनवर सोडायला यायचे, पण भाषण हा विषय त्या घरातून गेला. आईनं चमच्यांचा कप कधी माळ्यावर टाकला, ते कळलंसुद्धा नाही.

आम्हाला काम देणाऱ्या ऑफिसकडून दोन महिन्यांनी पत्र आलं. दारात बसण्याचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. मयताच्या नातेवाइकांना त्रास दिला असं त्याचं नाव झालं होतं. काम बंद झालं. शेवटच्या सकाळी आम्ही बाराजणी बूट काढून गोल करून बसलो. वाचायला यादी नव्हती, तरी आंटींनी पद्धत सोडली नाही, एकेकीला घरचं विचारलं. माझी पाळी आली. मला वाटलं, आता. आता त्या विचारतील आणि मी सांगेन. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." त्यांनी मान हलवली आणि ग्रेसकडे वळल्या. सप्टेंबरात मी एडिनबराला गेले. त्या न्यूझीलंडला परत गेल्याचं ग्रेसनं कळवलं, आणि पुष्कळ वर्षांनी त्या वारल्याचंही तिनंच कळवलं. मी त्यांना एकही पत्र लिहिलं नाही. पुढं पस्तीस वर्षं मी नर्स होते. हातात हात दिल्याशिवाय एकदाही पेशंट सोडला नाही. त्यानं काय झालं? काही झालं नाही. केलेल्या चुकीची परतफेड न केलेल्या चुकांनी होत नसते.

मित्राला मी येणार नाही म्हणून सांगितलं. ती रुसली. "आई, एवढा छान स्टोरी आहे!" नाही म्हटल्यावर दोन दिवसांनी, काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्या रस्त्यावर गेले. घर तेच होतं. झुडपं काढून टाकली होती, दाराला आधाराचा लोखंडी बार लावला होता. बेल वाजवली तर वॉकर ढकलत एक म्हातारा आला. ब्रायनच होता, ऐंशीच्या पुढचा. मी म्हटलं, "मी पूर्वी तुमच्या आईकडे कामाला होते." त्याचा चेहरा उजळला. "आईकडे? अरे देवा." आणि मग स्वतःच, माझ्या खांद्यावरून फरशीकडे बघत म्हणाला, "एक बाई आली होती तेव्हा. इथं बसली होती सकाळभर, डोक्यावर चटई घेऊन." विमान आलं. तो तोंड तसंच उघडं ठेवून थांबला. मीही थांबले. "मी दोनदा विचारलं तिला, काय हवंय म्हणून. बोलेचना. मला वाटलं, डोक्यानं गेलीय, नाहीतर मला चारचौघांत लाज आणायला आलीय. मीच पोलिसांना फोन केला. त्या दिवसांत नुसती पत्रं येत होती हो. आई गेली आणि एक माणूस येऊन काही बोललं नाही."

तेव्हा मी बोलले. तीन वाक्यं, जशी दिली होती तशी. ताठ उभी राहून, त्याच्या डोळ्यात बघत. चौथं माझं होतं. त्या दिवशी दहा मिनिटं आधी निघून गेलेली मुलगी मी, आणि हे सांगायला त्या बाईनं ज्या मुलीला बोलावलं होतं तीही मीच.

तो रागावला नाही. वॉकरवरचे हात काढून परत ठेवले. "म्हणजे मी ती फक्त उचलायची होती?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"उचलली असती गं," तो म्हणाला. "कुणी सांगितलं असतं तर लगेच उचलली असती. कुठं आहे ती बाई?"

मी सांगितलं. आणखी एक विमान गेलं. तो फरशीकडे बघत होता.

"मग आता कुणावरून उचलू?"

त्याला उभं राहवेना म्हणून मी त्याला आत खुर्चीपर्यंत नेलं. त्याला सांभाळणारी बाई कधी येते, असं विचारलं. तो म्हणाला, अर्ध्या तासानं. ती येईपर्यंत मी बसून राहिले आणि आल्यावर त्याचा हात तिच्या हातात दिला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग मी रस्ता ओलांडून स्टॉपवर जाऊन उभी राहिले. बसला नऊ मिनिटं होती.